शेजारच्या अंगणाविरुद्धचा अर्ज

मी आयुष्यात एकच निनावी अर्ज केला. तो कोणा अंमलदाराविरुद्ध नव्हता, सावकाराविरुद्धही नव्हता. तो माझ्या शेजाऱ्याच्या पुढच्या अंगणाविरुद्ध होता. या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. त्या वेळी ज्यांना ती कळायची त्यांना कळली, आणि बाकीच्यांना तिच्याशी काही कर्तव्य नव्हते. तरीही ती मी एकदा सरळ, काही न गाळता लिहून काढावी असे मला वाटत राहिले आहे. गाळण्याची माझी सवय किती वाईट आहे, ते पुढे येईलच.

युद्धाची शेवटची वर्षे होती. मी नगरला एका शाळेत मास्तर होतो. माळीवाड्याच्या बाजूला एका गल्लीत आमचे छोटे घर होते. तीन खोल्या, मागे आड, पुढे चार हात अंगण. पंधरा वर्षे भाड्याच्या जागेत काढल्यावर ते आम्ही घेतले होते. त्या पंधरा वर्षांत माझ्या पत्नीने घरमालकिणीची बोलणी इतकी ऐकली होती की या घरात पाऊल ठेवताना तिने मला बजावले होते, "आता पुन्हा कोणाच्या दारात भाड्याने राहायला नेऊ नका. नाहीतर मला इथेच ठेवून जा."

हे मी विसरलो नव्हतो. म्हणूनच नाशिकच्या एका शाळेने मला जूनपासून मुख्याध्यापक म्हणून बोलावले, तेव्हा पहिला प्रश्न घराचा आला. हे विकायचे आणि तिकडे तसेच एखादे घ्यायचे, तरच सगळे एकत्र जाणार. विकले गेले नाही, तर मी एकटा खानावळीत आणि ती दोन मुलींना घेऊन इथे; त्यातली थोरली लग्नाची. आधी एकदा असेच बोलावणे आले होते आणि मी ते हातचे घालवले होते. तिसऱ्यांदा कोणी बोलावील असे माझे वय राहिले नव्हते.

आणि ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नाही. नगरच्या शाळेचा राजीनामा अजून दिलेला नव्हता. चालकांच्या कानावर गेले असते तर हीही नोकरी गेली असती आणि तीही हाती आलेली नसती. शिवाय सौदा पुरा होईपर्यंत घराची वाच्यता करू नये, मोडता येतो, असे आमच्याकडे सगळेच मानतात. मीही मानले. बाहेरगावी दोन-तीन ठिकाणी पत्रे लिहिली आणि गल्लीत तोंड मिटून बसलो.

आता शेजार. आमच्या पूर्वेला एक टांगेवाला राहत असे. साठीच्या घरातला मुसलमान माणूस, मेंदी लावलेली दाढी, आवाज चौकापर्यंत जाईल असा. मुले त्याला चाचा म्हणत, म्हणून आम्हीही चाचाच म्हणत असू. घरात तो, त्याची बायको आणि अंगणात घोडा. मुलगा पलटणीबरोबर कुठे तरी लांब गेलेला. पेट्रोल मिळत नसल्याने मोटारी थंडावल्या होत्या आणि टांगेवाल्यांना दिवस बरे आले होते. पण त्या बऱ्या दिवसांचा सगळा केर त्याने पुढच्या अंगणात साठवला होता.

त्या अंगणात काय नव्हते? एका चाकाचा एक मोडका टांगा, दांड्या वर करून भिंतीला टेकवलेला. त्याच्यावर दुधीचा वेल चढवलेला, तो टपावरून उतरून आमच्या कुंपणावर आलेला. एका बाजूला कडब्याची गंजी, दुसऱ्या बाजूला लिदीचा ढीग. हा ढीग दर पंधरा दिवसांनी कोणी माळी नेणार असे, आणि कोणी माळी नेत नसे. गंजलेले डबे, फाटलेले खोगीर, झिजलेल्या नालांची रास, पाय मोडलेली बाज आणि या सगळ्यातून उगवलेले एरंड. कोंबड्या वेगळ्या. माझी पत्नी रोज सकाळी आमच्या दारात सडा घालून रांगोळी काढी, आणि तिच्या रांगोळीची उजवी बाजू आठ वाजायच्या आत कोंबड्या उकरून टाकीत.

दुधी मात्र तो नियमाने आमच्याकडे पाठवी. आम्ही ते खातही होतो. हेही लिहायला हवे.

मी त्याला सांगायला सुरुवात केली ती नाताळच्या सुटीत. कसे सांगितले, तर मास्तराने सांगावे तसे. लिदीवर माशा होतात, माशांनी रोग होतात, साठलेल्या पाण्यात डास होतात, डासांनी हिवताप येतो. तो घोड्याला खरारा करता करता सगळे ऐकून घेई.

"बरोबर हाय मास्तर," तो म्हणे. "ह्या जुम्म्याला बगा. समदं साफ."

शुक्रवार येई आणि जाई. पुढच्या शुक्रवारी माळ्याची गाडी बिघडलेली असे. त्याच्या पुढच्या शुक्रवारी घोड्याचा पाय सुजलेला असे. एकदा मी जरा आवाज चढवून विचारले की हा मोडका टांगा तरी कशासाठी ठेवला आहे. त्यावर त्याने मला त्या टांग्याची सगळी हकिकत सांगितली, तो कोणत्या कारागिराने केला, त्यात कोण कोण बसले, आणि एक चाक मिळाले की तो कसा पुन्हा चालू होईल. अर्धा तास गेला. मला शाळेला उशीर झाला, तर त्याने मला फुकट शाळेपर्यंत सोडले. अशा माणसावर रागावायचे तरी कसे, आणि न रागावता राहायचे तरी कसे, हे मला चार महिने कळले नाही.

शिमगा आला तेव्हा मला एक युक्ती सुचली. होळीसाठी पोरे लाकूड पळवतात, त्यावर कोणी तक्रार करत नाही, हा रिवाज. माझ्या वर्गातली दोन-चार पोरे गल्लीतलीच होती. मी वर्गात सहज म्हणालो की काही काही लोकांच्या अंगणात जुने वाळके लाकूड वर्षानुवर्षे पडून असते. पोरे हुशार, त्यांना कळले. पण चाचाही काही कमी नव्हता. होळीच्या संध्याकाळी तो मोडक्या टांग्यातच जाऊन बसला, विडी ओढत, चाबूक मांडीवर घेऊन. पोरांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग आमच्या कुंपणाचे फाटक उचलून नेले. दुसऱ्या दिवशी चाचा मला म्हणाला, "मास्तर, लाकूड संभाळायचं असलं तर त्याच्यावर बसावं लागतंय."

फाटक गेल्यापासून त्याच्या कोंबड्या थेट ओसरीत येऊ लागल्या.

याच सुमारास पहिले गिऱ्हाईक आले. कचेरीतून निवृत्त झालेले एक पेन्शनर होते, श्रीगोंद्याकडचे. आता नगरला येऊन राहायचे म्हणत होते. स्टेशनवर उतरले आणि नेमके चाचाच्याच टांग्यात बसले. घोडा सवयीप्रमाणे आमचे दार ओलांडून आपल्या अंगणात शिरला, आणि पेन्शनरांनी पहिले पाऊल ठेवले ते लिदीत.

मी धावत जाऊन पाणी दिले. त्यांनी पाय धुतले, उपरण्याने नाक झाकले, आणि घर पाहिले. घर त्यांना आवडले. आडाचे पाणी पिऊन पाहिले, गोड आहे म्हणाले. खोल्यांची उंची हाताने मोजली. मग ओसरीवर येऊन उभे राहिले आणि शेजारी बराच वेळ पाहत राहिले.

"हा टांगा कायम इथेच असतो का?" त्यांनी विचारले.

मी म्हणालो, "छे, छे. ते आता इथून हलणार आहेत. घोडा, गंजी, सगळेच."

"अस्सं," ते म्हणाले, आणि बघून कळवतो असे सांगून गेले.

त्यांना परत स्टेशनवर सोडून आल्यावर चाचाने मला हाक मारली. चेहऱ्यावर मोठी खुशी होती. "मास्तर, जमलं का?" मी चपापलो. याला कसे कळले? मी तुटकपणे म्हणालो, बघू. तो म्हणाला, "जमंल. मी वाटंत समदं सांगितलंय त्यास्नी. लई गुणाची हाय म्हटलं." मला वाटले, तो जागेबद्दल बोलतो आहे. नगरकडे माणसे जागेला गुणाची म्हणत नाहीत, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आले नाही. डोक्यात एवढेच होते की या माणसाने वाटेत काय काय सांगितले असेल कोण जाणे.

पेन्शनरांचे पत्र आले नाही. एक आठवडा, दोन आठवडे, तीन. पत्नी रोज विचारी आणि मी रोज शेजारच्या अंगणाकडे बोट दाखवी. ती म्हणाली, "तुम्ही त्यांना नीट सांगा ना." मी म्हणालो, चार महिने काय करतो आहे? ती म्हणाली, "तुम्ही डासांचं सांगता." मला राग आला. डासांचे सांगू नको तर कोणाचे सांगू?

त्या रविवारी ती मुलींना घेऊन देवळात गेली असता मी अर्ज लिहिला.

माझे बाळबोध अक्षर नगरमध्ये पुष्कळांच्या ओळखीचे होते. म्हणून मी तो मोडीत लिहिला. 'समस्त रहिवाशांच्या वतीने' असे वर घातले, आणि समस्त रहिवाशांपैकी एकालाही विचारले नव्हते. घाण, माशा, दुर्गंधी हे सगळे लिहिले. तिथेच थांबलो असतो तर त्याला निदान खरे तरी म्हणता आले असते. पण पेन्शनरांना मी सांगितले होते की घोडा हलणार आहे. ते खोटे होते, आणि ते खरे करून घेण्याची ही संधी आहे असे मला वाटले. म्हणून शेवटी आणखी एक वाक्य घातले, की सदर इसमास राहत्या वस्तीत जनावर बांधण्याची मनाई व्हावी. खाली लिहिले, 'गल्लीतील त्रस्त रहिवासी'. आणि तो कागद म्युनिसिपालिटीच्या पेटीत टाकून आलो. येताना मला हलके वाटत होते. ते हलके वाटणेच मला पुढे सर्वांत जास्त टोचले.

एरवी म्युनिसिपालिटीत अर्ज पडला की वर्ष जाते. हा अर्ज बारा दिवसांत फळाला आला. इन्स्पेक्टर येऊन बघून गेला आणि मग एका दुपारी चाचा हातात कागद घेऊन आमच्या ओसरीवर आला.

त्याला वाचता येत नसे. मुलाची पत्रे, टांग्याचे लायसन, सगळे कागद तो माझ्याकडेच आणी. मी वाचून दाखवी आणि उत्तरही लिहून देई. त्यामुळे तो नोटीस घेऊन दुसऱ्या कोणाकडे जाणार होता?

"वाचा मास्तर," तो म्हणाला. "लाल शिक्का हाय. काय तरी मोठं दिसतंय."

मी वाचले. पंधरा दिवसांत अंगणातील केर, लीद व मोडके सामान हलवावे. त्याच मुदतीत घोडा वेशीबाहेरच्या तबेल्यात न्यावा. कसूर झाल्यास लायसनबाबत विचार होईल. एवढे मी शब्दन्‌शब्द वाचले. पण त्या कागदाच्या पहिल्याच ओळीत होते, 'गल्लीतील रहिवाशांचा अर्ज आल्यावरून'. ती ओळ मी गाळली.

त्याने कागद माझ्या हातातून घेऊन शिक्क्यावरून बोट फिरवले. मग म्हणाला, "कोनी केलं असंल हे?"

"ते लिहिलेले नाही," मी म्हणालो.

"लिहिलं नसंल. पर मला ठावं हाय." आणि त्याने कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराचे नाव घेतले. रेशनच्या साखरेवरून त्यांची गेल्या महिन्यात बाचाबाची झाली होती. "त्योच. दुसरं कोन करनार? गल्लीत बाकी समदी आपलीच मानसं हायती."

मी त्याला पाणी विचारले. तो पाणी प्याला आणि गेला.

पुढच्या आठ दिवसांत जे मला चार महिने हवे होते ते सगळे झाले. माळ्याची गाडी आली. लीद गेली. एरंड उपटले गेले. चाचाने कुऱ्हाड घेऊन स्वतः मोडका टांगा फोडला, आणि त्याची लाकडे बायकोने चुलीसाठी मागच्या बाजूला रचली. वेल अर्थातच गेला; त्यावर चार कोवळे दुधी होते, ते तिने आमच्याकडे पाठवून दिले. घोडा वेशीबाहेर गेला. तो तबेला आमच्या गल्लीपासून मैलभर लांब. चाचा पहाटे उठून तिकडे चालत जाई, घोड्याचे दाणापाणी करी, टांगा जोडी, आणि संध्याकाळी तो सोडून परत चालत येई. त्याचा गुडघा धरलेला होता. गल्लीत शिरताना तो भिंतीला हात लावत लावत येई, आणि दुकानावरून जाताना दुकानदाराला ऐकू जाईल असे काही तरी बोले. दुकानदार बिचारा तराजूकडे बघत बसे.

अंगण मात्र स्वच्छ झाले होते. मी ते रोज पाहत होतो आणि मला ते पाहवत नव्हते.

एका जेवणाच्या वेळी पत्नीने विचारले, "अर्ज तुम्हीच केलात ना?"

मी मान हलवली.

"मी अंगण झाडायला सांगा म्हटलं होतं," ती म्हणाली. "माणसाला झाडायला नव्हतं सांगितलं." आणि तिने वाढायचे थांबवले नाही, पण पुढे दोन दिवस माझ्याशी बोललीही नाही.

तरीही मी पेन्शनरांना पत्र लिहिले. लिहिले की शेजारचे अंगण आता अगदी लख्ख आहे, एकदा पुन्हा पाहून जावे. पाप तर झालेच आहे, निदान त्याचे फळ तरी पदरात पडू दे, असा हिशेब होता. आज तो लिहितानाही लाज वाटते.

ते आले, आणि या वेळी पत्नीला घेऊन आले. स्थूल, हसऱ्या बाई, दोन्ही गुडघे धरलेले. स्टेशनवरून कोणा दुसऱ्या टांग्याने आल्या. तो टांगेवाला त्यांना सोडून लगेच निघून गेला. त्यांनी घर पाहिले, ओटा पाहिला, आड पाहिला. मग बाहेर येऊन पेन्शनरांनी शेजारी पाहिले आणि विचारले, "टांगेवाले खरेच गेले वाटते?"

मी उत्साहाने म्हणालो, "गेले ना. घोडा वेशीबाहेर गेला. आता घाणीचे नाव नाही."

ते पत्नीकडे वळून म्हणाले, "मग राहिलंच."

मला कळेना. तेव्हा त्या बाईंनीच सांगितले. "अहो, मला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जावं लागतं. चालवत नाही. हे मागच्या वेळी येऊन म्हणाले, शेजारच्या दारातच टांगा आहे, माणूसही बोलका आहे. म्हणून तर हे घर मनात भरलं."

"टांगा हलणार असे तुम्ही म्हणालात, तेव्हाच माझे मन अर्धे झाले होते," पेन्शनर म्हणाले. "तरी म्हटले, त्याला समजावून बघू, महिन्याचे भाडे ठरवून टाकू. लीद काय, चार आणे दिले की कोणीही उचलतो."

मी त्यांना परतीचा टांगा आणायला माळीवाड्याच्या नाक्यापर्यंत गेलो. भर दुपार, रेशनचे दिवस, टांगा मिळेना. मिळून येईपर्यंत तास झाला. तोवर त्या बाई आमच्या पायरीवर पाय चोळत बसल्या होत्या. जाताना त्या माझ्या पत्नीला म्हणाल्या, "घर छान आहे हो तुमचं." त्या 'आहे'मध्ये सगळे आले. पुढे आठ दिवसांत त्यांनी दुसरीकडे इसार दिल्याचे पत्र आले.

मी म्युनिसिपालिटीत गेलो ते त्यांना परत आणण्यासाठी नव्हे. ते आता येणार नव्हते. पण चाचा पहाटे भिंत धरून जाताना मला रोज दिसत होता.

हेडक्लार्कचा मुलगा माझ्याच वर्गात होता. हेडक्लार्कने मला खुर्ची दिली. मी म्हणालो की आमच्या गल्लीतल्या टांगेवाल्याविरुद्धचा अर्ज मागे घ्यायचा आहे.

"तो निनावी आहे," तो म्हणाला. "निनावी अर्ज चौकशीला चालतो, पण मागे घ्यायला अर्जदार लागतो. कोण आहे अर्जदार?"

"मी."

त्याने आश्चर्य दाखवले नाही. कागद काढला, माझ्यापुढे ठेवला, आणि दौत सरकवली. "मग करा सही. मास्तर, खरे सांगू? मोडी अक्षर ओळखीचे वाटले होते. पण म्हटले, मास्तर असे कशाला करतील."

'त्रस्त रहिवासी' या शब्दांखाली मी माझे पूर्ण नाव लिहिले, बापाच्या नावासह.

मे संपत आला होता. चाचा पुन्हा कागद घेऊन ओसरीवर आला, पुन्हा लाल शिक्का. या वेळी मला ठाऊक होते त्यात काय आहे. मी सगळे वाचले. अर्जदाराने अर्ज मागे घेतल्यावरून घोड्याबाबतची मनाई रद्द करण्यात येत आहे; अंगण स्वच्छ ठेवावे. आणि अर्जदाराचे नाव वाचले.

तो म्हणाला, "पुन्ना वाचा."

मी पुन्हा वाचले. मग, तो विचारायच्या आधी, मागच्या कागदात गाळलेली ओळही सांगितली. मग घराचे सांगितले, नाशिकचे सांगितले, पेन्शनरांचे सांगितले.

"म्हंजी ते पावनं घर बगाया आलं हुतं?" तो म्हणाला. "मी म्हटलं, तुमच्या थोरल्या पोरीला बगाया आलं. वाटंत त्यास्नी पोरीचंच सांगत गेलो. म्हटलं सैपाक चांगला करती, कवा वर तोंड करून बोलत न्हाई." क्षणभर त्याला हसू येईल असे वाटले, पण आले नाही. "मास्तर, चार म्हैनं तुमी मला डास सांगितलं. घर इकायचंय, अडलंय माजं, असं एकदा म्हनला असता तर?"

तो उठला आणि म्हणाला, "चला."

"कुठे?"

"दुकानात. महिनाभर मी त्या मानसाला शिव्या दिल्या. त्या तुमच्या हुत्या."

दुकानात रेशनची रांग होती. दहा-बारा बायाबापड्यांसमोर मी सांगितले की अर्ज मी केला होता. दुकानदार गूळ तोलत होता. त्याने पारडे स्थिर होऊ दिले. मग चाचाला म्हणाला, "मला तर ठाऊकच होतं मी केला नाही. पण तू दुकानात येत नव्हतास, तेवढे दिवस तराजू तरी शांत होता. आता आलास, आता पुन्हा साखरेवरून भांड." लोक हसले. चाचाही हसला. मी मात्र तिथे उभा होतो आणि मला कोणी काही बोलले नाही.

जूनमध्ये मी एकटा नाशिकला गेलो. पत्नी आणि मुली मागे राहिल्या. खानावळीत जेवत होतो, एका खोलीत राहत होतो, मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसत होतो, आणि शनिवारी पत्राची वाट पाहत होतो. घोडा परत अंगणात आला, असे पहिल्याच पत्रात होते. पावसाळ्यात एरंड पुन्हा उगवले, असे तिसऱ्यात. मी ते वाचून जुन्या सवयीने चडफडलो.

दिवाळीच्या आधी पत्र आले की पारनेरकडचे एक गृहस्थ घर पाहून गेले आणि घेणार म्हणतात. पत्नीने लिहिले होते, "ते येणार त्याच्या आदल्या दिवशी मी चाचांना सांगितलं, उद्या घर बघायला माणसं येणार आहेत, अंगणाचं काही करता येईल का. त्यांनी आणि चाचींनी दुपारपर्यंत सगळं झाडून काढलं. सडाही घातला. घोडा तेवढा होता, त्याला गृहस्थांनी गूळ दिला."

अर्धा दिवस! पत्र हातात घेऊन मी खोलीत येरझाऱ्या घातल्या. चार महिने, एक होळी, एक फाटक, दोन शिक्क्यांचे कागद, आणि काम होते अर्ध्या दिवसाचे, एका वाक्याचे. मला त्याचा इतका राग आला की क्षणभर मी विसरूनच गेलो की ते वाक्य मी कधी बोललोच नव्हतो.

खरेदीखताच्या दिवशी मी नगरला आलो. साक्षीला दोन माणसे हवी होती. पत्नीने एक म्हणून दुकानदाराला सांगितले होते आणि दुसरा म्हणून चाचाला. तो धुतलेला सदरा घालून रजिस्ट्रार कचेरीत आला. माझ्याशी नीट बोलला, मुलींचे विचारले, नाशिकचे पाणी कसे आहे विचारले. अंगठ्याला शाई लावायची वेळ आली तेव्हा त्याने हात मागे घेतला आणि म्हणाला, "आदी वाचून दावा, काय लिहिलंय."

मी दस्त हातात घेतला. इतकी वर्षे त्याचे कागद मीच वाचत आलो होतो. हात आपोआपच गेला.

"तुमी नगा वाचू, मास्तर," तो म्हणाला. रागाने नाही, अगदी शांतपणे. "कारकुनाला वाचू द्या."

मी कागद कारकुनाकडे दिला. तो नाकात वाचू लागला; घराचे मोजमाप, मागील आड, आणि मग चतुःसीमा. पश्चिमेस बोळ. दक्षिणेस रस्ता. उत्तरेस मागच्या घराची भिंत. पूर्वेस टांगेवाले यांचे राहते घर व त्यापुढील त्यांचे मालकीचे अंगण.

"अंगन माजंच लिहिलंय न्हवं?" चाचाने कारकुनाला विचारले.

"तुमचंच."

"मग हरकत न्हाई," तो म्हणाला, आणि त्याने अंगठा पुढे केला.